कानांना पापण्या नसतात

आजूबाजूच्यांना ऐकू जातील अशी गाणी मोठ्याने लावावीत का, या चर्चेत ज्यांना गाण्यांचा त्रास होतो त्यांनी कानात बोळे घालावेत, अशी सूचना कुणीतरी केली आहे; ती मला पटत नाही. नको ते दृश्य डोळे मिटून टाळता येते, पण कानांना पापण्या नसतात. शिवाय ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० कंपनांच्या) खर्जाची लहर हवेत जवळजवळ ७ मीटर लांब असते आणि अशा लहरी पातळ भिंती-दारे सहज ओलांडत असल्यामुळे गाण्याचे शब्द विरले तरी ठेका पलीकडच्या खोलीत धडधडत राहतो. त्यामुळे शेजाऱ्याला विचारण्याची जबाबदारी गाणी लावणाऱ्याचीच आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

परवा रेल्वेच्या डब्यात समोरच्या तरुणाने मोबाइलवर गाणी लावली होती आणि शेजारच्या बाईंच्या मांडीवरचे तान्हे बाळ डोळा लागता लागता दर वेळी दचकत होते. मी नुसते त्या बाळाकडे बोट दाखवले, तेव्हा त्याने ओशाळून लगेच कानात इअरफोन घातले. (बहुतेकांच्या मनात वाईट नसते, ध्यानातच आलेले नसते.) मोकळ्या बागेत स्पीकर लावायचाच असेल, तर आवाज १० डेसिबलने उतरवून पाहावा, कानाला तो साधारण निम्मा वाटतो आणि जवळ बसलेल्यांना गाणे तरीही नीट ऐकू येते.