अनुभव धागा : ‘चक्कर’ आपल्याकडे कोणकोणत्या अर्थांनी येते?

नागपुरात चक्कर येते, मारली जाते आणि चालूही असते. ‘बर्डीवर (म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात) एक चक्कर मारून येतो’ म्हणणाऱ्याची प्रकृती इथे कोणी विचारत नाही. हा शब्द आपण कोणत्या प्रसंगी, कोणत्या अर्थाने ऐकला, ते लिहावे.

महाल, निवृत्त मराठी शिक्षिका :
मूळ संस्कृत ‘चक्र’. प्राकृतात त्याचे ‘चक्क’ झाले आणि मराठीत ‘चाक’. ‘चाकोरी’ त्याच घरातली. ‘चक्कर’ हे रूप हिंदीचे असून, १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या या शहरात कचेरीपासून बाजारापर्यंत दोन्ही भाषा नांदत असल्याने ते इथे विशेष रुळले, असे मला वाटते. हिंदीत ते पुल्लिंगी आहे. मुले ‘चक्कर आला’ लिहीत, तेव्हा मी ‘आली’ करून देई. ‘भोवळ’ किंवा ‘घेरी’च लिहा, असा आग्रह मात्र धरला नाही.

रामदासपेठ, कान-नाक-घसा तज्ज्ञ :
रुग्णाने ‘चक्कर येते’ म्हटले की मला आधी विचारावे लागते, खोली फिरते की डोळ्यांपुढे अंधारी येते? कुशीवर वळताना काही क्षण सारे गरगरत असेल, तर पुष्कळदा अंतर्कर्णातले कॅल्शियमचे सूक्ष्म स्फटिक जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकांत शिरलेले असतात, आणि डोके ठरावीक क्रमाने वळवून ते पुन्हा जागेवर नेता येतात. मे महिन्याच्या उन्हातून आलेल्या माणसाला उभे राहताच अंधारी येते, त्यामागे बहुधा शरीरात कमी पडलेले पाणी आणि मीठ असते. तक्रारीचा शब्द मात्र दोघांचाही एकच. एखादी आजी ‘घर फिरून राह्यलं’ म्हणते, तेव्हा माझे अर्धे काम झालेले असते.

इतवारी, माहेर पुणे :
माहेरी चक्कर म्हणजे घेरी किंवा फेरफटका. सासरी हिशेब जुळला नाही की ‘काय चक्कर आहे बाप्पा?’ असे विचारतात, म्हणजे काय भानगड आहे. आणि कोणाचे प्रेमप्रकरण असले, तरी ‘चक्कर चालू आहे’ असेच म्हणतात.

मानेवाडा :
अनेकवचनाकडेही लक्ष द्यावे. ‘चकरा’ होताना जोडाक्षर गळते आणि शब्द पुरता मराठी होतो. वडिलांच्या निवृत्तिवेतनाच्या कामात आमच्या घरी अनेकवचनच चालले.