मदत हवी आहे: नदीवरच्या पाणीउपशाच्या मोटारी काढायचा इशारा ‘सुरक्षित’च दाखवतो, आकडे शिळे आहेत हे कसं पकडायचं?

काठावरचा (चिकोडी तालुका):
नदीकाठच्या मोटारींसाठी गूगल शीटवर इशारा बसवलाय. राजापूर बंधाऱ्याची कृष्णा आणि सदलग्याची दूधगंगा, दोन्हींचे क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी) इम्पोर्टएचटीएमएलने, म्हणजे वेबपानावरचा तक्ता शीटमध्ये आणणाऱ्या सूत्रानं, ओढतो आणि बेरीज करतो. बेरीज ठरलेल्या आकड्याखाली असली की ‘सुरक्षित’, वर गेली की ‘मोटारी काढा’ असा मेसेज टेलिग्रामवर जातो. स्क्रिप्ट दर तासाला चालते. पाणी डोळ्यांदेखत चढत असतं, तरी रात्रभर ‘सुरक्षित’. वेळेच्या रकान्यात नाऊ (आत्ताची वेळ देणारं सूत्र) आहे, म्हणून वेळ कायम ताजीच दिसते. आकडा आला नाही तर आयएफएरर (चूक आली की ठरवलेली किंमत दाखवणारं सूत्र) ० टाकतं. घटप्रभेवरच्या हिडकल धरणाचा विसर्गही जोडू का?

तासाचं_पाणी:
दुखणं तुम्हीच लिहिलंय. नाऊ म्हणजे शीटनं हिशेब केला ती वेळ, पाणी मोजलं ती नव्हे. सकाळी ८ चं पत्रक संध्याकाळी ५ ला ओढलं तर आकड्याचं वय ९ तास. पत्रकावरची मोजणीची वेळ वेगळ्या रकान्यात घ्या, ओढल्याची दुसऱ्या, आणि वय पहिल्यावरूनच काढा.
आयएफएररमधला ० तर आधी काढा. पान उघडलं नाही की तुमची नदी कोरडी पडते आणि शीट ‘सुरक्षित’ म्हणते! तिथं रिकामं ठेवा आणि तिसरा इशारा करा: ‘माहिती नाही’.

शीटवाला_निपाणी:
रात्रीचं कारण आणखी एक आहे. इम्पोर्टएचटीएमएल साधारण तासाला ताजं होतं, पण शीट कुठंतरी उघडी असेल तरच. लॅपटॉप मिटला की थांबलं. स्क्रिप्ट मात्र वेळेवर चालते आणि तोच जुना आकडा पुन्हा वाचते. म्हणून आकडा सूत्रानं नको, स्क्रिप्टमध्येच यूआरएलफेचनं (स्क्रिप्टमधून थेट पान ओढायची सोय) ओढा.
तारखेचंही बघा. शीटचं लोकेल (देशाची सेटिंग, तीवर तारखेची पद्धत ठरते) अमेरिकेचं असेल तर ०३/०८ म्हणजे ८ मार्च होतो. महिन्याच्या १२ तारखेपर्यंत चूक गुपचूप चालते, १३ पासून तारीख नुसता मजकूर होऊन बसते. लोकेल भारत करा. टाइमझोन शीटचा वेगळा आणि स्क्रिप्टचा वेगळा असतो, दोन्हीकडे कोलकाता हवा. ५ तास ३० मिनिटांचा फरक उलटा पडला तर वय उणे येतं, आणि ‘३ तासांपेक्षा कमी’ या अटीतून उणे वयही आरामात पास होतं. वय शून्याखाली गेलं की तेही ‘माहिती नाही’त टाका.

दोन_नद्या:
बेरजेत खरी फसगत आहे. समजा राजापूरचा आकडा दुपारी २ चा, सदलग्याचा सकाळी ८ चा. बेरीज दुपारची वाटते, पण तिचं वय सकाळचं धरायचं. दोन वेळांपैकी जुनी घ्या, म्हणजे मिन, मॅक्स नाही. वेदगंगेचं पाणी दूधगंगेतच येतं, ते वेगळं जोडू नका.
हिडकल सोडा. घटप्रभा कृष्णेला मिळते ती कृष्णा-दूधगंगा संगमाजवळच्या कल्लोळच्या बरीच खाली, बागलकोट जिल्ह्यात. शिवाय हिडकलच्या कन्नड तक्त्यात ‘ओळहरिवु’ म्हणजे आवक आणि ‘होरहरिवु’ म्हणजे विसर्ग. घाईत रकाने उलटे उचलले जातात.

काठावरचा:
आभारी आहे. वयाची मर्यादा किती ठेवू? आणि तोच आकडा तीनदा आला तर शिळा समजायचा का?

तासाचं_पाणी:
मर्यादा म्हणजे आकडा किती वेळानं येतो ते, त्यात नेहमीचा उशीर आणि थोडी सूट. तासाला येणाऱ्याला ३ तास पुरेत. दिवसातून एकदाच येणाऱ्याला २६ तास लागतील, आणि म्हणूनच त्याच्या भरवशावर ‘सुरक्षित’ म्हणायचंच नाही. तो फक्त ‘मोटारी काढा’साठी वापरा. ट्रॅक्टर, चेनपुली, माणसं जमवून मोटार वर घ्यायला ४ तास लागत असतील तर कालचा आकडा काय कामाचा?
तोच आकडा म्हणजे शिळाच असं नाही. कोयनेच्या पायथा वीजगृहातून १,०५० किंवा २,१०० क्युसेक दिवसच्या दिवस तेच असू शकतात. तिथं मोजणीची वेळ पुढं सरकते का ते बघा. नदीच्या पातळीचं उलटं. पावसाळ्यात वरची ठाणी चढतायत आणि एकच ठाणं सहा तास सेंटिमीटरभरही हललं नाही, तर वेळ ताजी असली तरी यंत्र अडकलंय असं धरा.

शीटवाला_निपाणी:
एककही तपासा. केंद्र सरकारच्या तक्त्यात क्युमेक (सेकंदाला घनमीटर) असतात, १ क्युमेक म्हणजे ३५.३ क्युसेक. घोळ झाला तर महापूरही ओढ्याएवढा दिसतो.
आणि रोज पहाटे ५ ला आणि संध्याकाळी ५ ला ‘यंत्रणा चालू, आकडा अमुक वाजताचा’ असा मेसेज सोडा. तो आला नाही की स्क्रिप्ट मेली असं समजून माणूस नदीवर पाठवायचा. संध्याकाळचा चुकवू नका, अंधारात मोटारीच्या विजेच्या पॅनलची वायर सोडवणं जिवावरचं काम आहे.

दोन_नद्या:
जॅकवेलच्या (नदीकाठच्या उपसा विहिरीच्या) भिंतीवर दर फुटाला ऑइलपेंटचा पट्टा मारून घ्या. ‘माहिती नाही’ आलं की पट्ट्याचा फोटो ग्रुपवर टाका, अर्ध्या तासानं दुसरा. दोन फोटोंत पाणी किती चढलं ते कळतं.

काठावरचा:
बदल केले. आयएफएरर काढल्याबरोबर सदलग्याचा रकाना रिकामा पडला. पानावरच्या तक्त्याचा क्रमांक बदललाय, म्हणजे तिथं कधीपासून ० च बेरजेत जात होतं. क्रमांकाऐवजी ठाण्याच्या नावानं ओळ शोधायची कशी?

शीटवाला_निपाणी:
पानाचा मजकूर घेऊन ‘सदलगा’ असलेली ओळ रेजेक्सनं (मजकुरातला नमुना शोधायची पद्धत) उचला. नाव कोणत्या लिपीत आणि कोणत्या स्पेलिंगनं आहे ते पानावरूनच कॉपी करा, हातानं टाइप करू नका. ओळ सापडली नाही तर रिकामं.