नागपूरजवळच्या जामठा स्टेडियममधल्या क्रिकेट सामन्यासाठी मुक्काम कुठे करावा?

प्रश्न: वडिलांना घेऊन पुण्याहून सामना पाहायला येत आहोत. स्टेडियमजवळ राहावे की शहरात? वडील सत्तरीचे आहेत.

उत्तर १: मुक्काम शहराच्या मध्यभागी, सीताबर्डीतच करावा. जामठा वर्धा रस्त्यावर शहराबाहेर आहे आणि सामना संपल्यावर तिथे पाय मोकळे करण्यासारखे फारसे काही नाही. सीताबर्डीहून मेट्रोने खापरीपर्यंत जाता येते. पुढचे काही किलोमीटर मात्र रिक्षा किंवा बसने जावे लागतात. परतीचे वाहन आधीच ठरवून ठेवावे, कारण मागच्या वेळी एका रिक्षावाल्याने आमच्याकडून तिप्पट भाडे घेतले आणि वर गर्दीतच उतरवून दिले.

उत्तर २: सिव्हिल लाइन्समधले जुने मैदानही वडिलांना अवश्य दाखवा. तिथे १९६९ साली न्यूझीलंडविरुद्ध कसोटी झाली होती आणि भारत ती हरला होता, हे त्यांना कदाचित आठवत असेल! जवळच झिरो माइलचा दगडी स्तंभ आहे. १८६३ सालचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आमचा अजब बंगला, सोमवारी बंद असते. सकाळी तर्री पोहे खावेत. पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री ओततात, तेव्हा वडिलांसाठी ती वेगळ्या वाटीत मागून घ्यावी. सावजी मटण त्यांना सोसणार नाही, तुम्ही मात्र चुकवू नका.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. सीताबर्डीतच खोली घेतो.