घरच्या घरी नाताळ : तुमचे प्रयोग, जमलेले आणि फसलेले

घोडबंदर रोड, ठाणे
दिवाळीचा किल्ला अजून गॅलरीतच आहे, मावळे तेवढे डब्यात गेलेत. आणि आता लेकीला नाताळची सजावट हवी आहे, तीही ‘विकतची नको, आपण करू’ म्हणून. गेल्या वर्षी आम्ही जुन्या लग्नपत्रिकांचे चेंडू केले. एका मापाचे सहा गोल कापायचे, प्रत्येक मधोमध दुमडायचा, एकाची अर्धी पाठ दुसऱ्याच्या अर्ध्या पाठीला चिकटवत जायचं, शेवटची घडी मिटण्याआधी मधून दोरा. जाड कागद, सोनेरी छपाई, झकास दिसतात. अडचण एकच, प्रत्येक पत्रिकेवर गणपती. सासूबाईंनी बजावलं, देवावर कात्री चालवायची नाही. मग आधी गणपती अलगद सोडवून घ्यायचे आणि उरलेल्यातून गोल. सजावट जानेवारीत उतरली, पण बिस्किटांच्या डब्यात वीसेक गणपती अजून आहेत. टाकवत नाहीत. असो. तुम्ही काय काय करता? फसलेलंही लिहा.

ऐरोली
फसलेलंच लिहिते. दोन वाट्या मैदा, वाटीभर मीठ, लागेल तसं पाणी. घट्ट मळून लाटलं, चांदण्या कापल्या, स्ट्रॉने भोकं पाडली, ओव्हनमध्ये 100 अंशांवर अडीच-तीन तास. खडखडीत झाल्या. रंगवून झाडाला लावल्या, मग खोक्यात भरून माळ्यावर. पुढच्या डिसेंबरात खोकं उघडलं तर चांदण्यांना घाम सुटलेला, दोघींचा लगदा. मिठाच्या बरणीत दरवर्षी पावसाळ्यात तांदूळ टाकणाऱ्या बाईला हे आधी कळू नये! आता नाताळ झाला की सरळ टाकून देते.

जांभळी नाका, ठाणे
ताई, किल्ला मोडू नका! आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे ख्रिस्ती. लहानपणी शेजारच्या मुलांबरोबर किल्ला करायचो आणि डिसेंबरात त्याच मातीचा आमचा गोठा व्हायचा. गोणपाट चिखलात बुडवून विटांवर टाकायचं, वाळलं की डोंगर तयार. छपराला पेंढा, आणि तो फळवाल्याकडे मागितला की फुकट मिळतो. एका ताटलीत माती घालून 14-15 तारखेला गहू पेरायचे. तुमच्या घटाचं जे गणित तेच, 24 पर्यंत चार बोटं हिरवंगार. अंधारात मात्र ठेवू नका, पिवळे पडतात. ती हिरवळ मेंढरांपुढे.
गव्हाणी रिकामी ठेवायची. तलावपाळीच्या सेंट जॉन चर्चमधून मध्यरात्रीची मिस्सा करून आलो की घरातलं सगळ्यात लहान पोर बाळ येशूला तिथे निजवतं. मोठं होऊन हा मान गेला तेव्हा मी दोन दिवस रुसले होते. तीन राजे रोज थोडे थोडे पुढे सरकवायचे, ते 6 जानेवारीला पोचतात. गोठा मांडायची सुरुवात असिसीच्या संत फ्रान्सिस यांची, 1223 साली, इटलीतल्या ग्रेच्चो गावात. त्यांनी खरा बैल आणि गाढव उभं केलं होतं. आमच्याकडे बैलाचं एक शिंग फेव्हिकॉलवर आहे.

नेरूळ
कागदी हिमकण कापताना घडी अर्ध्यावर अर्धी घालत गेलात तर आठ टोकं येतात. खऱ्या हिमकणाला सहा. अर्धगोल करा आणि मग त्याचे तीन भाग दुमडा. आमच्याकडे एका रात्रीत चाळीस कापून झाले, सगळे आठाचे. लावले तसेच.

कळवा
दिवाळीत षटकोनी कंदील करणाऱ्याला नाताळचा तारा अवघड नाही. बुरुडाकडून दोन-दोन फुटांच्या दहा कामट्या आणायच्या. पाचांची एक चांदणी, अशा दोन. एकीवर एक ठेवून पाचही टोकं दोऱ्याने आवळायची. आता खरी गंमत. आत कामट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे दोन्ही चांदण्यांच्या मध्ये चार-चार बोटांचे पाच टेकू ठोकायचे. पाचवा बसला की आख्खा सांगाडा फुगून ताठ होतो, हाताला कळतं. पतंगाचा कागद खळीने चिकटवा. खळीत चिमूटभर मोरचूद असला तर झुरळं लागत नाहीत, पण विषारी असतो, पोरांच्या हातात देऊ नका. एक टोक उघडं ठेवा, तिथून एलईडी दिवा. जुन्या पिवळ्या बल्बने आमचा एक तारा करपला होता.

वाशी
नागपुरी संत्र्याच्या चकत्या सुकवून टांगायला गेले. साल सैल असल्याने फोडी निसटल्या आणि नुसती कडी हातात. मोसंबीच्या नीट झाल्या. मग मुंग्या आल्या.

घोडबंदर रोड, ठाणे
किल्ला वाचला! बालेकिल्ल्यावर गोठा बांधलाय, गहू पेरलेत. पण लेक म्हणते मेंढपाळ नाहीत, तर मावळे उभे करू. जांभळी नाक्याच्या ताई, चालेल का हो?

जांभळी नाका, ठाणे
न चालायला काय झालं? आमच्या एका राजाला उंट नाही, तो कित्येक वर्षं प्लास्टिकच्या जिराफावरून येतो.