ट्रकवरची विमानवेधी क्षेपणास्त्रे: ‘७० किलोमीटर पल्ला’ म्हणजे नेमके काय?

सड्यावरचा (देवगड)

सर्वांना नमस्कार. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत ‘आकाश’ आणि ‘एस-४००’ ही विमानवेधी क्षेपणास्त्रांची नावे आमच्या एसटी थांब्यावरही ऐकू येत होती. तेव्हापासून मनात राहिलेली शंका इथे मांडतो. विजयदुर्गाच्या तटावरच्या तोफा जागच्या जागी असत आणि गलबत खाडीच्या तोंडाशी कोणत्या वाटेने येणार हे ठाऊक असल्यामुळे तेवढे पुरतही असे. मग विमानवेधी क्षेपणास्त्रे ट्रकवर चढवून फिरती ठेवण्याचे कारण काय? शिवाय मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्राचा पल्ला सुमारे ७० किलोमीटर सांगतात. असे एक वाहन आमच्या सड्यावर (किनाऱ्यालगतच्या उंच कातळपठारावर) उभे केले, तर समुद्राकडून येणारे काहीही ७० किलोमीटरवरच अडवता येईल, हा माझा समज बरोबर आहे का?

जुना रडारवाला

आधी ‘एक वाहन’ हा शब्द दुरुस्त करू या, कारण पुष्कळसा गैरसमज तिथूनच सुरू होतो. आपण वर्तमानपत्रात ज्याचे छायाचित्र पाहता तो फक्त प्रक्षेपक, म्हणजे क्षेपणास्त्र डागणारी गाडी असते. ‘आकाश’च्या एका बॅटरीत, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या तुकडीत, ‘राजेंद्र’ हे रडार, प्रत्येकी ३ क्षेपणास्त्रांचे ४ प्रक्षेपक, नियंत्रण कक्षाचे वाहन, वीजपुरवठ्याची गाडी असा सगळा काफिला असतो. टेहळणी रडार लक्ष्य शोधते, ते आपले की परके हे विचारणा करून ठरवले जाते, मग दुसरे रडार त्याचा बारकाईने माग धरते आणि संगणक गाठ कुठे पडेल ते काढतो. ‘आकाश’च्या मूळ आवृत्तीत क्षेपणास्त्राला शेवटपर्यंत जमिनीवरूनच आज्ञा मिळतात. आपण म्हणता त्या ७० किलोमीटरच्या क्षेपणास्त्राच्या नाकात मात्र स्वतःचे छोटे रडार असते, त्यामुळे शेवटचा टप्पा ते स्वतः पार पाडते.

फिरतेपणाबद्दल सांगायचे, तर ही वाहने धावता धावता मारा करतात असे समजू नये; बहुतेक यंत्रणा थांबून, पाय टेकून, मगच डागतात. चाके असतात ती डागून झाल्यावर जागा सोडण्यासाठी. रडार सुरू केले की ते अंधारात विजेरी पेटवल्यासारखे असते: आपल्याला समोरचे दिसते, पण आपणही दुरून दिसतो, आणि त्याच लहरींचा माग काढत रडारवर येऊन आदळणारी क्षेपणास्त्रे १९६० च्या दशकापासून वापरात आहेत. जून १९८२ मध्ये लेबननच्या बेका खोऱ्यात सीरियाकडे ‘कुब’ ही पट्ट्यांवर चालणारी उत्तम फिरती यंत्रणा होती, पण ती एकाच जागी रुतून बसली होती. इस्रायलने चालकविरहित विमाने पाठवून रडार सुरू करायला लावली आणि बहुतेक बॅटऱ्या एका दिवसात नष्ट केल्या. याउलट, मार्च १९९९ मध्ये सर्बियाच्या एका तुकडीने जुनाट ‘एस-१२५’ वापरून अमेरिकेचे एफ-११७ हे रडारला चकवणारे विमान पाडले. आपल्याकडे हीच यंत्रणा ‘पेचोरा’ नावाने ओळखतात आणि ती हलवणे फार जिकिरीचे असते. तरीही ती तुकडी सतत जागा बदलत असे आणि रडार काही सेकंदांपुरतेच लावत असे. माझ्या मते यंत्र फिरते असण्यापेक्षा ते चालवणारी माणसे हलायला तयार असणे अधिक महत्त्वाचे ठरते.

खाडीपलीकडे (रत्नागिरी)

७० किलोमीटरचा मुद्दा राहिला, तो मी घेतो. पल्ला म्हणजे क्षेपणास्त्र तेवढे उडू शकते; रडारला तेवढे दिसेलच असे नाही. रात्री मासेमारीहून परतताना दीपगृहाचा दिवा आधी दिसतो आणि किनाऱ्यावरचे दिवे कितीतरी नंतर, ते पृथ्वीच्या गोलाईमुळे. रडारच्या लहरींनाही हेच बंधन आहे, फक्त त्या हवेत किंचित वाकतात म्हणून थोडे अधिक दिसते. ढोबळ हिशेब असा, की रडार आणि लक्ष्य या दोघांच्या मीटरमधील उंचींची वर्गमुळे काढावीत, त्यांची बेरीज करावी आणि ती ४.१ ने गुणावी. उत्तर किलोमीटरमध्ये मिळते.

रडारची अँटेना पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, १० मीटर उंच असेल आणि समोरून क्रूझ क्षेपणास्त्र पाण्यापासून १० मीटरवरून येत असेल, तर ते जेमतेम २६ किलोमीटरवर दिसेल. ताशी ८५० किलोमीटर वेगाने त्याला पोहोचायला दोन मिनिटेही लागणार नाहीत, आणि वर सांगितलेली सगळी प्रक्रिया तेवढ्यात उरकायची असते. तेच रडार १५० मीटर उंच सड्यावर नेले, तर अंतर ६३ किलोमीटरच्या आसपास जाते आणि हाती साडेचार मिनिटे येतात. दहा हजार मीटरवरून जाणारे विमान मात्र पुळणीवरूनही ४०० किलोमीटरपर्यंत क्षितिजाच्या वर असते. तेव्हा आपला समज उंचावरच्या विमानापुरता ठीक आहे, पाण्याला चिकटून येणाऱ्या लक्ष्यासाठी नाही.

सड्यावरचा (देवगड)

दोघांचेही मनापासून आभार. मग रडार सड्यावरच कायमचे बसवून प्रक्षेपक तेवढे फिरते ठेवले तर? आणि आमच्या आषाढातल्या पावसात या रडारचे काय होत असेल?

जुना रडारवाला

टेहळणीची काही रडारे उंचावर कायमची असतातच, पण लढाईत सर्वांत आधी घाव त्यांच्यावरच पडतो, म्हणून माग धरणारे रडार हलते ठेवतात. सडा तर उघडा कातळ. आडोसा हवा तर उतारावरच्या कलमांच्या बागेत उतरायचे, आणि तिथून समुद्र दिसत नाही. ही ओढाताण सुटत नाही, म्हणून पाण्यालगतचे लक्ष्य पाहण्यासाठी आकाशात रडार घेऊन फिरणारी विमाने लागतात.

पावसाबद्दल: तरंगलांबी जितकी कमी, तितका पावसाचा अडथळा जास्त, म्हणून लांबचे पाहणारी रडारे मोठ्या तरंगलांबीवर चालतात. खवळलेल्या लाटांचे प्रतिध्वनी मात्र वेगातल्या फरकावरून गाळावे लागतात. पावसापेक्षा आपल्या किनाऱ्यावर गंमत करतो तो उन्हाळा. समुद्रावरच्या हवेच्या थरांत लहरी अडकून गोलाईच्या पलीकडे जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या एका रडारवर हजार मैलांहून दूरच्या अरबस्तानचे प्रतिध्वनी उमटल्याची नोंद आहे. पण अशा दिवशी मिळणाऱ्या जादा अंतराच्या भरवशावर कोणी मांडणी करत नाही, कारण लहरी जिथे अडकतात त्या थराच्या लगेच वरचा पट्टा त्याच वेळी रडारला धड दिसत नाही.