मदत हवी आहे: बागेसाठी मल्च कुठलं घेऊ? रविवारच्या आत सांगा

दुपारचा_चहा
नमस्कार मंडळी. बागेत मातीवर मल्च अंथरायचंय. ऊन मी म्हणतंय, सकाळी घातलेलं पाणी दुपारी शोधून सापडत नाही. ऑनलाइन बघितलं तर पाइनची साल, कोकोपीट, काथ्याचे तुकडे, लाकडाच्या ढलप्या, सतरा प्रकार. पाइनची साल 5 लिटरची पिशवी 399 रुपये. तीच घेऊ का? किती पिशव्या लागतील? रविवारी गाडी मोकळी आहे, जवळपास कुठे मिळत असेल तर तेही सांगा. गूगल करून झालंय, लिंका नकोत.

कुंडीवाली
जवळपास म्हणजे कुठल्या गावाच्या? आणि कुंड्या आहेत की जमीन?

सांगलीकर
उसाचं पाचट. विषय संपला. एकदा अंथरलं की मे महिना निघतो. आमच्याकडे लोक पेटवून देतात, मी मागून आणतो.

शब्दवेडा
'मल्च' कशाला? 'आच्छादन' असा सुंदर शब्द आहे आपल्याकडे.

सांगलीकर
@शब्दवेडा, दुकानात जाऊन आच्छादन द्या म्हणा, बेडशीट काढून दाखवेल.

दुपारचा_चहा
छत्रपती संभाजीनगर. जमीन आहे, बंगल्याच्या पुढची पट्टी. पाचट इथे कोण देणार? पाइनच्या सालीचं सांगा ना कुणीतरी.

वाफसा
पट्टी केवढी? 'पट्टी' हे माप नाही.

दुपारचा_चहा
8 बाय 20 फूट असेल.

वाफसा
म्हणजे 160 चौरस फूट. थर 3 इंच तरी हवा, त्याहून कमी असेल तर ऊन खालपर्यंत पोचतं आणि तणही वर येतं. 160 फुटाला 3 इंच म्हणजे 40 घनफूट, साधारण 1,130 लिटर. तुमच्या 5 लिटरच्या पिशव्या लागतील 227. गुणिले 399. नव्वद हजारांच्या वर जातंय. घ्या खुशाल, पण आधी घरात विचारा.

दुपारचा_चहा
बाप रे. मला वाटलं दहा-बारा पिशव्यांत होईल.

कुंडीवाली
त्या पिशव्या कुंडीत वरून शोभेला टाकायच्या असतात हो. कोकोपीटही वरून पसरू नका. वाळलं की उडतं, नाहीतर पापडासारखं कडक होतं आणि पाणी त्यावरून ओघळून जातं. ते मातीत मिसळायला चांगलं, तेही दोन-तीनदा धुऊन, नाहीतर खारटपणा राहतो.

टोमॅटो_शेठ
मल्चिंग पेपर घ्या! सिल्व्हर-ब्लॅक प्लास्टिक, 25 मायक्रॉन, 4 फूट रुंद. चंदेरी बाजू वर ठेवायची. खाली ठिबक टाका. माझ्या दीड एकरात गवत काढायला एक बाई लागली नाही. 400 मीटरचा रोल येतो.

कुंडीवाली
शेठ, त्यांना 20 फूट पाहिजे. उरलेला 390 मीटर पेपर ते काय, लग्नाच्या मांडवाला वापरणार?

एडिसनकर
आमच्याकडे न्यू जर्सीत दर वसंतात हाच सोहळा. लाल, काळं, चॉकलेटी, रंग दिलेलं मल्च 2 घनफुटांच्या पिशव्यांतून येतं. जास्त लागलं तर ट्रक ड्राइव्हवेवर ढीग ओतून जातो आणि शनिवार-रविवार घमेली वाहण्यात जातात. सगळे शेजारी झाडाच्या बुंध्याशी वारूळ करून ठेवतात. तसं करू नका, साल कुजते. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडा.

दुपारचा_चहा
धन्यवाद. पण न्यू जर्सीचं इथे काय करू? मला एवढंच सांगा, भुस्सा सोडून दुसरं काय स्वस्तात मिळेल?

वाफसा
भुस्सा 'सोडून' का?

दुपारचा_चहा
टाकून झालाय. लिंबाची पानं पिवळी पडली. म्हणून तर विचारतोय.

वाफसा
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतंत की राव. कधी टाकला, किती, कुठून आणला? आणि पिवळी कुठली पानं, शेंड्याची नवी की खालची जुनी?

गोटे_प्रेमी
मी तर पांढरे गोटे टाकलेत. पाच वर्षं झाली, बघायला नको. फक्त महिन्यातून एकदा धुवायचे.

कुंडीवाली
संभाजीनगरच्या उन्हात गोटे? रात्री आठपर्यंत तापलेले राहतील. त्यात संगमरवराचा चुरा असेल तर काळ्या जमिनीत आधीच असलेल्या चुन्यात आणखी भर.

दुपारचा_चहा
@वाफसा, तीन गोण्या. होळीच्या सुमारास टाकला. घरी किचनचं काम चालू होतं, सुताराकडे पडला होता, फुकट. खालची पानं पिवळी, आता वरही चढायला लागलंय.

वाफसा
वरून पसरला की मातीत मिसळला?

दुपारचा_चहा
माळीदादांनी कुदळीने खणून छान मिसळून दिला. म्हणाले मुळाला गारवा राहील.

वाफसा
सापडला चोर. लाकडाच्या भुश्श्यात कार्बन-नत्राचं प्रमाण 400 ला 1 च्या आसपास जातं. तो कुजवायला जिवाणूंना नत्र लागतं, ते त्यांनी मातीतलं उचललं. तुमचं लिंबू उपाशी आहे. हाच भुस्सा वरून अंथरला असता तर फारसं बिघडलं नसतं, मातीला टेकलेल्या पातळ थरातच ही ओढाताण चालते. खणून घातला की मुळाशीच पंगत बसते.

रानमाणूस
सगळं खोटं. आमच्या आजोबांनी आयुष्यभर भुस्सा मातीत घातला, पेरू असे डोक्याएवढे.

वाफसा
आजोबांच्या गोठ्यात गुरं होती का?

रानमाणूस
चार म्हशी.

वाफसा
मग भुस्सा म्हशींच्या मुतात भिजूनच बागेत जात असणार. आजोबा हुशार होते.

कुंडीवाली
किचनचं काम म्हणजे प्लाय आणि एमडीएफ कापलेला भुस्सा ना? त्यात डिंक असतो, फॉर्मल्डिहाइडवाला. खाण्याच्या झाडांत तसला नको. हाताने जेवढा वर येईल तेवढा खरवडून काढा.

दुपारचा_चहा
आता कसा काढू, खणून मिसळलाय म्हटलं ना! उपाय सांगा.

वाफसा
मूठभर युरिया, 50 ग्रॅमच्या आत. बुंध्यापासून दूर, फांद्यांच्या सावलीच्या कडेने गोल पसरायचा आणि लगेच भरपूर पाणी. पंधरा दिवसांनी पानं बघा.

रानमाणूस
युरिया??? विष आहे ते. शेण-गोमूत्राचं जीवामृत द्या. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांनी आच्छादनाला उगाच एवढं महत्त्व दिलेलं नाही. बीजामृत, जीवामृत, आच्छादन, वाफसा. तुमचं टोपणनावसुद्धा तिथूनच आलंय!

वाफसा
वाफसा, म्हणजे जमीन ना चिखल ना कोरडी, हा माझ्या आजीच्या तोंडचा शब्द आहे, कुणाच्या मालकीचा नाही. आणि युरिया नको असेल तर शेंगदाणा पेंड घ्या. युरियात नत्र 46 टक्के, पेंडीत 7 च्या आसपास. म्हणजे 50 ग्रॅमच्या जागी तीनशे-साडेतीनशे ग्रॅम पेंड. तीन दिवस भिजवायची, दहापट पाणी घालून द्यायची. वास येईल, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

सांगलीकर
म्हणून म्हटलं पाचट. पण कोण ऐकतंय.

कुंडीवाली
मूळ प्रश्न राहिलाच. 1,130 लिटर म्हणजे सुक्या पानांची गच्च भरलेली पोती धरा दहा-बारा, आणि ती बसून निम्मी होतात, म्हणून महिन्याभराने परत तेवढीच. या दिवसांत कॉलनीतली झाडं झडतात, झाडणाऱ्या मावशींना चहा पाजा, त्या पेटवण्याऐवजी तुमच्या गेटाशी आणून टाकतील. निलगिरी आणि सुरूची पानं बाजूला काढा, त्यांच्याखाली काही नीट उगवत नाही. चिंचेचा पाला बारीक, वाऱ्याने उडतो, तो खाली आणि आंब्या-फणसाची जाड पानं वर. गाजर गवत आलं तर फुलावर यायच्या आधीचंच घ्या, नाहीतर पुढची पाच वर्षं तेच उपटत बसाल.

दुपारचा_चहा
आमच्या कॉलनीत झाडंच नाहीत ताई. सगळीकडे पेव्हर ब्लॉक.

कुंडीवाली
मग रसवंती. एप्रिलमध्ये दर कोपऱ्यावर एक असते ना? चिपाडं टाकायची कुठे हीच त्यांची रोजची कटकट. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी गच्चीवरची भाजी उसाच्या चिपाडांवरच पिकवली होती. फक्त आणल्या आणल्या अंथरू नका, गोडी असते, मुंग्यांची जत्रा भरेल. दोन दिवस गच्चीवर कडक वाळवा, कोयत्याने वीतभर तुकडे करा. आणि मिसळायचं नाही! वर ठेवायचं! माळीदादांना घरी पाठवा.

घाबरट_मांजर
वाळवी लागेल. माझ्या बहिणीकडे लागली, दाराच्या चौकटी बदलाव्या लागल्या. एकूण खर्च विचारू नका.

वाफसा
भिंतीपासून फूटभर पट्टी कोरडी आणि मोकळी ठेवायची. आणि पहिला मोठा पाऊस झाला की निम्मं आच्छादन बाजूला ओढा. काळ्या मातीत पाणी तुंबतं, वर ओला पाला असला की मुळं गुदमरतात आणि गोगलगायींना पलंग मिळतो. 2022 ला लातूर, बीड, धाराशिवकडे गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली होती, आठवा. दिसल्याच तर गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी पसरा, सकाळी त्याखाली जमलेल्या उचला आणि मिठाच्या पाण्यात टाका.

टोमॅटो_शेठ
मल्चिंग पेपरला गोगलगाय येत नाही.

कुंडीवाली
येते, शेठ. खाली लपते.

दुपारचा_चहा (रविवारी रात्री)
रसवंतीवर जाऊन आलो. तो म्हणाला, "साहेब, सगळी न्या, रोज या." डिकीत सहा पोती बसली, सीटवर रस सांडलाय, बायको अजून बोललेली नाही. गच्चीवर वाळत घातली आहेत. संध्याकाळी बघितलं तर खालच्या बाजूची अजून ओलीच, बोटाला चिकटतायत, कडेने लाल मुंग्यांची एक रांग टाकीपर्यंत गेली आहे. भुस्सा वरचा दोन इंच खरवडला, एक गोणी निघाली. पेंड भिजवली आहे. वास खरंच येतो. मोगऱ्यालाही तीच देऊ का?

वाफसा
मोगरा??? अजून काय काय आहे त्या पट्टीत?

दुपारचा_चहा
मोगरा, दोन जास्वंदी, चार वांगी, मेथीचा एक वाफा. लिहिलं नव्हतं का?

वाफसा
नव्हतं. मोगरा-जास्वंदीला द्या, वांग्याला अर्धी. मेथीच्या वाफ्यावर चिपाडं घालू नका, बी वरच येणार नाही. ओळींच्या मधे बारीक चुरा चालेल, तोही रोपं चार बोटं झाल्यावर.

एडिसनकर
विषयांतर, पण सगळ्या रसवंत्यांची नावं कानिफनाथ नाहीतर नवनाथच का असतात?

सांगलीकर
पुरंदर तालुक्यात बोपगावला कानिफनाथांचा डोंगर आहे. त्या भागातली माणसं या धंद्यात गावोगाव पसरली, देवाचं नाव सोबत घेऊन गेली. चाकाला घुंगरू बांधलेला चरक आता कमी दिसतो.

एडिसनकर
घुंगराचा आवाज आठवून तोंडाला पाणी सुटलं. इथे डबाबंद रस मिळतो, त्याला आल्याचा वासही नसतो.

दुपारचा_चहा
अहो, मुंग्यांचं सांगा. टाकीत उतरल्या तर?

कुंडीवाली
टाकीच्या झाकणाभोवती हळद टाका आणि चिपाडं उद्या उलटी करा. किती वाजता ऊन येतं तुमच्या गच्चीवर?