मदत हवी आहे: उंच सायकलस्वारांसाठी हलका तंबू, छापील लांबी आणि उपयोगी लांबी

सर्वांना नमस्कार.

मी सोलापूरचा. माझी उंची 190 सेंटिमीटर, म्हणजे सव्वासहा फूट आहे आणि धाकटा भाऊ माझ्याहून चार सेंटिमीटरने उंच आहे. येत्या हिवाळ्यात आम्ही दोघे सोलापूरहून विजयपूर आणि बदामी करत हंपीपर्यंत सायकलने जाणार आहोत. मागे कॅरियर न लावता सगळे सामान हँडलबारवरच्या, फ्रेममधल्या आणि सीटमागच्या पिशव्यांत बसवायचे आहे. त्यामुळे तंबू शक्यतो दोघांत मिळून एकच हवा, त्याचे वजन दोन किलोच्या आसपास असावे आणि किंमत तीस हजारांच्या वर जाऊ नये, अशी आमची अपेक्षा आहे. तंबूंची माहिती भरपूर वाचली. पण उंच माणसाला नेमके जे कळायला हवे, ते जवळजवळ कोणीच लिहीत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

अडचण अशी की तंबूची जी लांबी छापलेली असते, ती जमिनीलगतची असते. झोपणारा माणूस जमिनीलगत नसतो. हवेची मॅट सात-आठ सेंटिमीटर उंच असते, तिच्यावर स्लीपिंग बॅग आणि तिच्यात उभी पावले, म्हणजे पायाचा अंगठा जमिनीपासून साधारण 35 सेंटिमीटरवर येतो. तंबूची पायाकडची भिंत जमिनीशी 60 अंशांचा कोन करून आत झुकलेली असेल, तर त्या उंचीवर एकाच बाजूने वीस सेंटिमीटर जागा गेलेली असते. डोके थोडे खाली, 25 सेंटिमीटरच्या आसपास असते, तरी तिकडेही चौदा-पंधरा सेंटिमीटर जातातच. म्हणजे 210 सेंटिमीटर लांबीच्या तंबूत झोपायला 175 उरले. शिवाय गाढ झोपेत पावले सैल पडून पुढे झुकतात आणि माणूस उभ्या उंचीपेक्षा पाच-दहा सेंटिमीटर लांबच होतो. हा हिशेब कागदावर केला, तेव्हा आम्हाला पायाच्या अंगठ्याच्या उंचीवर किमान 205 सेंटिमीटर मोकळे हवेत, असे दिसले.

हिशेब बरोबर आहे का, हे पाहण्यासाठी एका मित्राचा 210 सेंटिमीटरचा घुमटाकार तंबू मागून आणला आणि एकरुख तलावाजवळच्या एका शेतात, मालकाची परवानगी घेऊन, एक रात्र काढली. दिवस थंडीचे होते, आकाश स्वच्छ होते, शेजारी भिजवलेला ऊस होता. सकाळी स्लीपिंग बॅगचा पायाकडचा वीतभर भाग पिळण्याइतका ओला झाला होता आणि बाकीची बॅग कोरडी होती. कारण सरळ आहे. निरभ्र रात्री तंबूचे वरचे कापड भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते आणि श्वासातली व जमिनीतली वाफ त्याच्या आतल्या बाजूला पाणी होऊन बसते. वरच्या कापडात आणि आतल्या जाळीत बोटभर अंतर राहिले, तर हे पाणी झोपणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. उंच माणसाचे पाय मात्र जाळी रेटून कापडाला टेकवतात आणि दोन थरांच्या तंबूचा उपयोगच संपतो. पिसांच्या बॅगेचा भिजलेला भाग ऊब धरत नाही, त्यामुळे हा प्रश्न केवळ ऐसपैस झोपण्याचा नाही.

याच कारणाने कापडाचीही निवड आम्हाला महत्त्वाची वाटते. सिलिकॉनचा लेप दिलेले नायलॉन मजबूत असते, पण ओले झाले की ते ताणले जाते आणि तंबू मध्यरात्री सैल पडतो. पॉलिस्टर त्या मानाने फारच कमी ताणले जाते. ज्याच्या पायापाशी मुळातच चार बोटांची जागा आहे, त्याला हे सैल पडणे परवडत नाही. डायनिमाचे कापड पाणी पीत नाही आणि वजनालाही फार हलके असते, परंतु त्याच्या किमती आमच्या आवाक्याबाहेर आहेत.

रुंदीचे गणितही तितकेच अडचणीचे निघाले. उंच माणसासाठी मिळणाऱ्या मॅट बहुधा 196 सेंटिमीटर लांब आणि 64 सेंटिमीटर रुंद असतात. अशा दोन शेजारी ठेवल्या की 128 सेंटिमीटर झाले. बिग ॲग्नेसचा कॉपर स्पर दोन माणसांचा तंबू 224 सेंटिमीटर लांब आहे आणि डोक्याकडे 132 रुंद आहे, पण पायाकडे तो 107 पर्यंत निमुळता होतो. तिथे या दोन मॅट शेजारीशेजारी मावणार नाहीत. एकट्याला मात्र दोन माणसांचा तंबू वेगळ्याच रीतीने उपयोगी पडतो: 210 बाय 130 च्या तळाचा कर्ण जवळपास 247 सेंटिमीटर भरतो, त्यामुळे तिरपे झोपले की पायांना बरीच मोकळीक मिळते. तेव्हा तीन माणसांचा एक तंबू घेऊन दोघांनी त्याचे भाग वाटून न्यावेत, की दोन माणसांचे दोन स्वस्त तंबू घेऊन दोघांनी आपापल्या तंबूत तिरपे झोपावे, असा पेच आहे. भावाचा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. मला पहिला बरा वाटतो, कारण एकाकडे कापड आणि दुसऱ्याकडे दांडे दिले की प्रत्येकाच्या वाट्याला किलोभरच वजन येते.

दांड्यांविषयी एक गोष्ट लिहावीशी वाटते, कारण उंच माणसाच्या बाजूची अशी ही एकच गोष्ट मला सापडली. नेहमीच्या तंबूंचे दांडे घडी केल्यावर 45 ते 50 सेंटिमीटरचे होतात आणि वाकड्या हँडलबारच्या दोन वळणांमध्ये आडवे बसत नाहीत, म्हणून सायकलसाठी 30 सेंटिमीटरच्या आसपास घडी होणाऱ्या दांड्यांचे खास तंबू जास्त किमतीला विकले जातात. पण आमच्या सायकलींच्या फ्रेमच मोठ्या आहेत. फ्रेममधल्या पिशवीत नेहमीचे दांडे वरच्या नळीलगत सहज जातात, हे मी तेवढ्याच लांबीची काठी ठेवून पाहिले आहे. म्हणून त्या खास आवृत्तीचे पैसे वाचवून ते लांबीवर खर्च करावेत, असे माझे मत झाले आहे. कोणाचा अनुभव वेगळा असेल, तर जरूर सांगावे.

आता आमच्या भागाविषयी. कमी वजनात जास्त लांबी देणारे बरेच तंबू खुंट्यांच्या ताणावर उभे राहतात. डर्स्टनचा एक्स-मिड हा तंबू सुमारे 230 सेंटिमीटर लांब आहे आणि उंच माणसे त्याची शिफारस करतात, पण त्याला चालताना वापरायच्या दोन काठ्या लागतात, ज्या सायकलवाल्याकडे नसतात, आणि चार कोपऱ्यांना पक्क्या खुंट्या लागतात. सोलापूरच्या माळावर वरची माती वीतभर आणि खाली मुरूम. ॲल्युमिनियमची बारीक खुंटी तिथे वाकते. उलट काळ्या रानात पाऊस पडून गेला असेल, तर तीच खुंटी हाताने ओढली तरी निघते. शिवाय आम्ही अनेकदा देवळाच्या ओवरीत किंवा शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम करतो. तिथे फरशीवर नुसता आतला जाळीचा तंबू मच्छरदाणीसारखा उभा राहायला हवा आणि हंपीच्या खडकांवरही हीच गरज पडेल. म्हणून दांड्यांवर स्वतः उभा राहणारा तंबूच हवा, यावर आम्ही दोघे ठाम आहोत.

सराटे आणि बाभळीचे काटे तर आहेतच, त्यांच्यासाठी खाली जाड कापड अंथरू. मला जास्त धास्ती कुसळांची आहे. दिवाळीनंतर वाळलेल्या गवताची कुसळे जाळीच्या छिद्रांत टोकाने शिरतात आणि ओढून काढताना धागे तुटतात. ज्यांनी पूर्ण जाळीचा इनर, म्हणजे आतला तंबू, आपल्याकडच्या माळरानावर वापरला आहे, त्यांनी तो कितपत टिकला ते सांगावे. खालचा दीड वीत भाग कापडाचा आणि वर जाळी, अशी रचना आम्हाला योग्य वाटते. वाऱ्याबरोबर येणारी धूळही त्याने अडेल.

आणखी एक शंका आहे. सोलापुरात गणवेश शिवणारे कुशल कारागीर भरपूर आहेत. बाजारात सहज मिळणाऱ्या नेचरहाइकच्या क्लाउड अपसारख्या 210 सेंटिमीटरच्या तंबूचा इनर पायाकडून वाढवून घेणे शक्य आहे का? की दांड्यांची कमान तीच राहिल्याने नुसते कापड वाढवून काही साधत नाही? मला दुसरी शक्यता जास्त वाटते, तरी कोणी असा प्रयोग केला असेल, तर त्यांनी सविस्तर लिहावे.

माझी मुख्य विनंती मात्र वेगळी आहे. आपल्यापैकी ज्यांच्याकडे हलका दोन किंवा तीन माणसांचा तंबू आहे, त्यांनी तो एकदा उभा करून, आत जमिनीपासून 35 सेंटिमीटर उंचीवर, पायाकडच्या जाळीपासून डोक्याकडच्या जाळीपर्यंतचे अंतर टेपने मोजून इथे लिहावे. सोबत तंबूचे नाव, घेतल्याचे वर्ष आणि आपली उंची द्यावी. जाळी हाताने न ताणता, ती आपोआप जिथे राहते तिथेच मोजावी. सहा फुटांहून उंच माणसाने त्या तंबूत दव पडलेल्या रात्री मुक्काम केला असेल, तर सकाळी पायाकडची बॅग कोरडी होती का, एवढे एक वाक्यही आमच्या फार कामाचे आहे.

खरेदी दिवाळीच्या सुमारास करायची आहे. त्याआधी सोलापूर ते पुणे या पट्ट्यात कोणाकडे असा तंबू आत झोपून पाहता येणार असेल, तर आम्ही दोघे आपापल्या मॅट आणि बॅगा घेऊन यायला तयार आहोत.